एक बटण, चार दारे : मोटारीच्या मध्यवर्ती कुलपाची ओळख

अहिल्यानगर शहरातून मनमाडच्या रस्त्याला लागून सीना नदीचा पूल ओलांडला की नागापूर येते. एकेकाळचे हे शेतीवाडीचे गाव आज औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. सायंकाळी पाळी सुटण्याच्या वेळी कारखान्यांच्या फाटकांबाहेर उभे राहिले तर एक आवाज पुनःपुन्हा कानी पडतो. कोणी खिशातून किल्ली काढतो, बटण दाबतो, समोरच्या गाडीचे दिवे दोनदा लुकलुकतात आणि चारही दारांतून एकाच क्षणी ‘खट्’ असा आवाज येतो. हा आवाज आता इतका सवयीचा झाला आहे की त्यामागे काय घडले याचा विचार कोणाच्या मनात येत नाही.

व्यापारी कुटुंबाला कुलपाचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. कापडबाजारातील दुकान बढवताना शटर ओढले जाते, दोन्ही बाजूंची कुलपे लागतात आणि निघण्यापूर्वी मालक प्रत्येक कुलूप एकदा हिसकून पाहतो. ही सवय वडिलांकडून मुलाकडे न सांगता जाते. मात्र त्याच दुकानाचा मालक गाडीकडे पाठ करून चालता चालता बटण दाबतो आणि मागे वळून पाहत नाही. ज्या गाडीत कधी दिवसभराची रोकड असते, कधी मालाचे नमुने असतात आणि बहुतेक वेळा स्वतःची मुलेबाळे असतात, तिच्या कुलपाविषयी आपली माहिती दुकानाच्या कुलपाहूनही कमी असावी, हे बरे नव्हे.

कोणत्याही कुलपाची परीक्षा दोन बाजूंनी होते. बाहेरच्या चोराला ते अडवते का, ही पहिली परीक्षा. आतल्या माणसाला गरजेच्या वेळी ते बाहेर जाऊ देते का, ही दुसरी. दुकानात रात्री कोणी राहत नाही, त्यामुळे तेथे पहिली परीक्षा पुरेशी ठरते. गाडीत माणसे बसतात, म्हणून तिच्या कुलपाला दुसऱ्या परीक्षेतही उत्तीर्ण व्हावे लागते. गेल्या शंभर वर्षांत मोटारीच्या कुलपाची जी प्रगती झाली ती या दोन परीक्षांच्या ओढाताणीतून झाली आहे.

हाताच्या खुंटीपासून रिमोटपर्यंत

अँबॅसडर आणि पद्मिनी या गाड्या ज्यांनी वापरल्या त्यांना दाराच्या काचेजवळची छोटी खुंटी आठवत असेल. प्रवास संपला की चालक मागे वळून, हात लांब करून, एकेक खुंटी खाली दाबी. शेवटचे दार बाहेरून किल्लीने लागे. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 रस्त्यावर आली तेव्हाही दारांची पद्धत साधारण हीच होती. चारपैकी एक दार उघडे राहिले तर तीन दारांचे कुलूप व्यर्थ ठरे, आणि घाईत नेमके एखादे दार उघडे राहत असे.

ही अडचण पाश्चात्त्य देशांत फार पूर्वी ओळखली गेली होती. अमेरिकेतील स्क्रिप्स-बूथ या मोटारीत 1914 साली विजेवर चालणारी दाराची कुलपे बसवण्यात आली. ती कल्पना काळाच्या पुढे होती. पुढे 1956 मध्ये पॅकार्ड कंपनीने आपल्या उंची गाड्यांत ती पुन्हा आणली आणि तेथून तिचा प्रसार झाला. काही जर्मन गाड्यांत वीज न वापरता हवेच्या दाबावर दारे बंद करण्याची पद्धतही बराच काळ होती. रबरी नळ्यांतून हवा ओढून घेतली की कुलपाचा दट्ट्या सरके. 1982 साली फ्रान्सच्या रेनो कंपनीने फुएगो या गाडीत दुरून चालणारी किल्ली दिली. ती दूरचित्रवाणीच्या रिमोटसारखी अदृश्य प्रकाशकिरणांवर चाले आणि गाडीच्या रोखाने धरावी लागे.

आपल्याकडे हे साधन प्रथम लोकप्रिय झाले ते ॲक्सेसरीजच्या दुकानांतून. नवी गाडी घेतली की सीट कव्हर आणि टेपरेकॉर्डर यांच्याबरोबर ‘सेंट्रल लॉक बसवून घ्या’ असा आग्रह होई. एका पेटीत चार छोट्या मोटरी, एक नियंत्रणपेटी आणि तारांचे भेंडोळे मिळे. त्यांपैकी चालकाच्या दारातील मोटरीला पाच तारा असत आणि बाकीच्या तीन मोटरींना दोन-दोन. या एका फरकात संपूर्ण यंत्रणेचे मर्म आहे. ते समजण्यासाठी आधी दाराच्या आत डोकावले पाहिजे.

दाराच्या पोटात

घराच्या दाराला कडी असते, कोयंडा असतो. कुलूप लावणे म्हणजे त्या कोयंड्यात अडथळा घालणे. मोटारीच्या दाराचे तसे नाही. गाडीच्या खांबावर यू आकाराची पोलादी कडी बसवलेली असते. दाराच्या कडेला असलेल्या खटक्यात, ज्याला कारागीर लॅच म्हणतात, बेचक्याच्या आकाराची एक पोलादी चकती असते. दार आपटले की ती कडी बेचक्यात शिरते, चकती फिरते आणि मागून एक छोटा अडसर तिला जागच्या जागी धरून ठेवतो. दार बंद राहते ते या अडसरामुळे, मग कुलूप लावलेले असो वा नसो.

दार उघडायचे म्हणजे हा अडसर उचलायचा. बाहेरचा हँडल एका सळईने आणि आतला हँडल दुसऱ्या सळईने किंवा तारेने अडसराशी जोडलेला असतो. हँडल ओढला की सळई हलते, अडसर उचलला जातो आणि दार सुटते.

आता कुलूप काय करते? ते दाराला कोणताही नवा अडसर घालत नाही. ते फक्त बाहेरचा हँडल आणि अडसर यांच्यातील जोड मोडते. मधला एक छोटा तरफेसारखा भाग बाजूला सरकतो आणि मग बाहेरून हँडल कितीही ओढला तरी तो पोकळ हलत राहतो. देवळाच्या घंटेची दोरी वरून सुटली तर खाली कितीही ओढली तरी घंटा वाजत नाही, तसाच हा प्रकार. बटण पुन्हा दाबले की तो भाग जागेवर येतो आणि हँडलला त्याचे काम परत मिळते.

बाहेरची जोड आणि आतली जोड वेगवेगळ्या असल्यामुळेच बाहेरच्याला अडवून आतल्याला मोकळे ठेवणे शक्य होते. अनेक गाड्यांत आतला हँडल ओढताच कुलूपही सुटते आणि दारही उघडते. काही गाड्यांत पहिल्या ओढीत कुलूप सुटते आणि दुसऱ्या ओढीत दार उघडते. काहींत आधी दाराजवळची कळ हाताने सरकवावी लागते. आपल्या गाडीत यांपैकी कोणता प्रकार आहे हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असणे आवश्यक आहे, आणि ते जाणून घेण्यास अर्धे मिनिट लागते.

खेळण्याएवढी मोटर

कुलपाचा हा भाग पूर्वी खुंटीने, म्हणजे बोटाने, सरके. मध्यवर्ती कुलपात तेच काम विजेची एक छोटी मोटर करते. तिला ॲक्चुएटर म्हणतात. ती मुलांच्या खेळण्यातील मोटरीएवढीच असते आणि गाडीच्या 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालते. मोटर फार वेगाने फिरते पण तिचा जोर कमी असतो. म्हणून तिला दातेरी चाके जोडलेली असतात. ती वेग कमी करतात आणि जोर वाढवतात. शेवटचे चाक एका दातेरी पट्टीला पुढे ढकलते किंवा मागे ओढते आणि पट्टीला जोडलेली सळई कुलूप लावते वा उघडते.

एकच मोटर दोन्ही कामे कशी करते? विजेचा प्रवाह एका दिशेने दिला की ती उजवीकडे फिरते, तारांची अदलाबदल करून उलट दिशेने दिला की डावीकडे. नियंत्रणपेटीतील रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, ही अदलाबदल क्षणार्धात करतात. प्रवाहही अगदी थोडा वेळ दिला जातो. तो सतत चालू राहिला तर मोटर तापून जळेल.

पाच तारा आणि दोन तारा यांतील फरक आता उलगडतो. दोन तारा मोटर चालवण्यासाठी, हे चारही दारांत समान. चालकाच्या दारातील जादा तीन तारा एका स्विचसाठी असतात. चालकाने किल्लीने किंवा खुंटीने आपले दार लावले की हा स्विच नियंत्रणपेटीला ‘दार लागले’ ही खबर देतो आणि पेटी उरलेल्या दारांना तोच हुकूम सोडते. मुख्य खतावणीत एक नोंद झाली की तिच्यावरून बाकीच्या वह्यांत नोंदी व्हाव्यात, तशी ही रचना आहे. आजच्या गाड्यांत निराळी पेटी नसते. दिवे, वायपर, काचा आणि कुलपे या सर्वांचा कारभार एकच संगणकीय नियंत्रक पाहतो.

आणखी एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. मोटर बंद असताना कोणी हाताने कुलूप सरकवले तर दातेरी चाकांनी त्याला अडवायला हवे. परंतु ॲक्चुएटरमध्ये असा क्लच ठेवतात की मोटर फिरत असेल तेव्हाच ती सळईशी जोडली जाते, एरवी सळई मोकळी राहते. म्हणजेच वीज गेली, बॅटरी उतरली किंवा मोटर जळाली तरी हाताने कुलूप उघडण्याची वाट खुली राहावी, असा या यंत्राचा मूळ हेतू आहे.

नागापूर वसाहतीला हे विषय परके नाहीत. येथे क्रॉम्प्टन ग्रीव्ह्जच्या विजेच्या मोटरी तयार होत आल्या आणि लार्सन अँड टुब्रोने स्विचगियरचा कारखाना उभारला. मोटर आणि स्विच ही दोनच अंगे मध्यवर्ती कुलपाचीही आहेत, फक्त आकार तळहातावर मावेल एवढा. वाहनांशी तर नगरचे नाते जुने आहे आणि जैन समाजाला त्याचा सार्थ अभिमान वाटावा असे आहे. स्वातंत्र्यसैनिक आणि मुंबई विधानसभेचे सभापती राहिलेले नगरचे कुंदनमल फिरोदिया यांचे पुत्र नवलमल यांनी बजाज टेम्पोच्या उभारणीत पुढाकार घेतला, तर दुसरे पुत्र हस्तीमल यांनी कायनेटिक इंजिनिअरिंगद्वारे नगरमधून लुना देशभर पोहोचवली. 1972 च्या त्या लुनाला दारेच नव्हती, मग कुलपांची चिंता कोठली! आज त्याच कुटुंबांच्या अंगणात चार दारांच्या गाड्या उभ्या आहेत आणि चिंतेचे स्वरूप पालटले आहे.

वटलेला धनादेश पुन्हा वटत नाही

रिमोटचे बटण दाबले की किल्लीतील छोटे यंत्र रेडिओ लहरींवर एक संदेश पाठवते. आपल्या देशात यासाठी बहुधा 433.92 मेगाहर्ट्‌झची लहर वापरतात. गाडीतील ग्राहकयंत्र तो संदेश ऐकते आणि ओळख पटली तर कुलपाला हुकूम देते. किल्लीत बटणाच्या आकाराचा 3 व्होल्टचा सेल असतो. रिमोटचा पल्ला कमी होत चालला की तो सेल संपत आला, असे समजावे.

सुरुवातीच्या रिमोटमध्ये हा संदेश दर वेळी तोच असे. ही मोठी उणीव होती. जवळपास दबा धरलेल्या चोराने तो संदेश आपल्या यंत्रात नोंदवून घेतला की मालक गेल्यावर तोच पुन्हा सोडून गाडी उघडता येई. यावर उपाय म्हणून बदलत्या संकेताची पद्धत आली. तिला रोलिंग कोड म्हणतात. तिच्यात किल्ली आणि गाडी या दोघांकडे एक गुप्त अंक आणि एक चालू क्रमांक असतो. बटण दाबले की क्रमांक एकाने वाढतो आणि गुप्त अंकाच्या साहाय्याने त्याचे असे रूपांतर होते की ऐकणाऱ्याला त्यातून काही बोध होऊ नये. गाडी आपल्याकडील गुप्त अंकाने तो उलगडते आणि क्रमांक मागच्यापेक्षा पुढचा असेल तरच दार उघडते.

बँकेच्या व्यवहारातील धनादेशाशी याची तुलना करता येईल. सही नमुन्याशी जुळली पाहिजे आणि त्या क्रमांकाचा धनादेश आधी वटलेला नसला पाहिजे. वटलेला धनादेश कोणी पुन्हा सादर केला तर तो परत जातो. चोराने नोंदवलेला जुना संकेतही असाच परत जातो. की-लॉक नावाच्या एका प्रसिद्ध पद्धतीत या बदलत्या भागाला 32 द्विमान अंकांची जागा असते, म्हणजे 429 कोटींहून अधिक वेगवेगळे संकेत संभवतात. अंदाजाने त्यांतील नेमका संकेत साधणे जवळजवळ अशक्य आहे.

या पद्धतीमुळे एक घरगुती कोडेही सुटते. लहान मुलाने रिमोट खेळायला घेतला आणि गाडीपासून दूर बसून बटण अनेकदा दाबले, तर किल्लीचा क्रमांक पुढे जातो आणि गाडीचा मागेच राहतो. थोडा फरक गाडी खपवून घेते. फार पडला तर दार उघडत नाही. अशा वेळी गाडीजवळ उभे राहून लागोपाठ दोनदा बटण दाबले की अनेक गाड्यांत मेळ पुन्हा बसतो. रिमोट बिघडला असे समजून नवा घेण्यापूर्वी एवढे करून पाहावे.

चोरही शिकत असतो

कुलूप सुधारले की चोरही आपली विद्या सुधारतो. आजची पहिली युक्ती अगदी साधी आहे. मालक बटण दाबतो त्याच क्षणी जवळचा चोर त्याच लहरीवर दुसरा गोंगाट सोडतो. त्या गोंगाटात किल्लीचा संदेश बुडतो आणि गाडी तो ऐकतच नाही. दारे उघडीच राहतात आणि मालक निश्चिंतपणे निघून जातो. यात काहीही फोडावे लागत नाही, त्यामुळे चोरीनंतर खूणही सापडत नाही. यावर उपाय एकच, दुकानाच्या कुलपासारखा. बटण दाबल्यावर दिवे लुकलुकले का हे पाहावे, ‘खट्’ आवाज ऐकावा आणि एक हँडल ओढून पाहावा. कपडा बाजारातील जुनी रीत येथे नव्या यंत्रापेक्षा सरस ठरते.

दुसरी युक्ती बिनबटणाच्या किल्लीसाठी आहे. महागड्या गाड्यांत किल्ली खिशात ठेवूनच दार उघडता येते. मालकाने हँडलला हात लावला की गाडी एक क्षीण हाक देते, जवळची किल्ली तिला उत्तर देते आणि दार उघडते. ही हाक एक-दोन मीटरच पोहोचते, यावर सारी भिस्त असते. चोर दोघे येतात. एक गाडीजवळ उभा राहतो, दुसरा घराच्या भिंतीजवळ. आपल्या यंत्रांनी ते गाडीची हाक घरातील किल्लीपर्यंत आणि किल्लीचे उत्तर गाडीपर्यंत वाहून नेतात. गाडीला वाटते मालक शेजारी उभा आहे. अशी गाडी असलेल्यांनी किल्ली मुख्य दाराजवळच्या खुंटीवर न टांगता आतल्या खोलीत, झाकण घट्ट बसणाऱ्या धातूच्या डब्यात ठेवावी. डबा चांगला आहे की नाही हे तपासणेही सोपे आहे. किल्ली डब्यात बंद करून गाडीजवळ न्यावी. दार उघडले तर डबा निरुपयोगी.

रोकड, दागिने किंवा हिशेबाची कागदपत्रे यांच्यासाठी मात्र कोणतेही मोटारीचे कुलूप पुरेसे नाही. दाराच्या काचेला एक घाव पुरतो. मध्यवर्ती कुलूप दारांची राखण करते, काचेची नव्हे. गाडी ही तिजोरी नाही, हे व्यापाऱ्याने कधी विसरू नये.

दुसरी परीक्षा

येथवर चोराचा विचार झाला. आता आत बसलेल्या माणसाचा.

26 जुलै 2005 रोजी मुंबईत जो पाऊस कोसळला तो महाराष्ट्र विसरणार नाही. सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिलिमीटर पावसाची नोंद झाली. रस्त्यांवर गाड्या अडकल्या, पाणी चढत गेले आणि काही जणांनी बंद गाड्यांतच प्राण सोडले. काचा वर आणि दारे बंद ठेवून सुरक्षित राहू अशा समजुतीने माणसे आत थांबली, आणि निघायचे ठरवले तेव्हा वेळ टळून गेली होती.

असे का होते, याचे उत्तर दोन भागांत आहे. पाणी विजेच्या जोडण्यांत शिरले की काचा आणि कुलपे यांच्या मोटरी बंद पडू शकतात. दुसरा भाग पाण्याच्या दाबाचा. साधारण एक मीटर रुंदीच्या दाराबाहेर अर्धा मीटर उंच पाणी असेल आणि आत नसेल, तर त्या दारावर बाहेरून सुमारे सव्वाशे किलो वजनाएवढा जोर पडतो. कुलूप उघडे असले तरी असे दार सहज ढकलता येत नाही. म्हणून पाणी चढू लागताच, वीज शाबूत आहे तोवर, सर्वप्रथम काच खाली करावी आणि गाडीचा मोह सोडून बाहेर पडावे. काच उतरत नसेल तर बहुतेक गाड्यांतील बाजूची काच कोपऱ्यात टोकदार वस्तूने मारल्यास फुटते. त्यासाठीची छोटी हातोडी चालकाच्या हाताशी ठेवावी. समोरची काच दोन थरांची असते, तिच्यावर शक्ती खर्च करू नये.

कायद्यानेही या दुसऱ्या परीक्षेची दखल घेतली आहे. 1 जुलै 2019 पासून तयार होणाऱ्या प्रवासी मोटारींत वीज बंद पडली तरी हाताने उघडता येईल असे मध्यवर्ती कुलूप बंधनकारक झाले. त्याच तारखेपासून भाड्याने चालणाऱ्या मोटारींच्या मागील दारांना चाइल्ड लॉक असू नये असाही नियम आला, जेणेकरून प्रवाशाला आतून दार उघडता यावे. वाहने नियमांप्रमाणे आहेत की नाहीत हे तपासण्याचा अधिकार देशातील ज्या मोजक्या संस्थांना आहे, त्यांतील एक, संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था, नगरजवळ वाहननगर येथेच आहे. अपघातात हवेच्या पिशव्या उघडल्या की दारांची कुलपे आपोआप सुटावीत, अशी सोयही आता अनेक गाड्यांत असते. मदतीला धावलेल्यांना दार उघडता यावे, हा तिचा हेतू.

चाइल्ड लॉक आणि मध्यवर्ती कुलूप यांत गल्लत होते, म्हणून खुलासा करणे इष्ट. चाइल्ड लॉक ही बहुधा मागील दाराच्या कडेला असलेली छोटी कळ असते. ती फिरवली की केवळ आतला हँडल निकामी होतो, बाहेरून दार उघडतेच. चालत्या गाडीत मुलाने दार उघडू नये यासाठी ती उत्तम. पण मागे मोठी माणसे बसली असतील तर ती पूर्ववत करावी. काही गाड्यांत बाहेरून रिमोटने कुलूप लावल्यावर आतले हँडलही निकामी होतात. चोराने काच फोडून आत हात घातला तरी दार उघडू नये यासाठी ही व्यवस्था असते. अशा गाडीत कोणाला बसवून बाहेरून कुलूप लावणे म्हणजे त्याला कोंडणेच होय. आपल्या गाडीत ही व्यवस्था आहे का, हे माहितीपुस्तिकेत पाहून घ्यावे.

सर्वांत मोठा धोका लहान मुलांचा आहे. नगरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. उन्हात उभ्या बंद गाडीतील तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे 10 अंशांनी वाढते आणि तासाभरात 50 अंशांच्या पुढे जाते. मुलाचे शरीर मोठ्या माणसापेक्षा कितीतरी वेगाने तापते. ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून दुकानात शिरलेला माणूस ओळखीचे कोणी भेटले की वीस मिनिटे रमतो. अंगणात उभ्या गाडीत मुले खेळता खेळता शिरतात, दार ओढून घेतात, कळ दाबतात आणि पुन्हा कशी उघडायची हे त्यांना कळत नाही. म्हणून घरी उभी गाडीसुद्धा कुलूपबंद असावी आणि किल्ली मुलांच्या हाती लागू नये. लग्नसमारंभात किंवा आनंदधामाच्या दर्शनासाठी दोन-तीन गाड्यांनी कुटुंब निघते, तेव्हा ‘धाकटा दुसऱ्या गाडीतून आला असेल’ असे प्रत्येकाला वाटू शकते. अशा वेळी उतरल्यावर मागची आसने एकदा पाहून मगच बटण दाबावे. मूल आत अडकले आणि दार उघडत नसेल तर किल्ली आणण्यात वेळ न दवडता मुलापासून दूरची काच फोडावी. काचेची किंमत त्या क्षणी मोजू नये.

विकणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे कर्तव्य

समाजातील अनेक कुटुंबे मोटारींच्या सुट्या भागांच्या आणि ॲक्सेसरीजच्या व्यापारात आहेत. जुन्या गाड्यांना बाहेरून मध्यवर्ती कुलूप बसवण्याचे काम आजही त्यांच्याकडे येते. कंपनीच्या तारा कापून, वर चिकटपट्टी गुंडाळून केलेली जोडणी काही दिवस चालते. पुढे ती सैल होते, तापते आणि आगीचे निमित्त ठरू शकते. कपलर जोडून केलेले आणि योग्य क्षमतेचा फ्यूज असलेले काम थोडे महाग पडते, पण ते ग्राहकाच्या कुटुंबाच्या सुरक्षिततेचे मोल असते. दार आणि खांब यांच्यामधील रबरी नळीतून जाणाऱ्या तारा दार उघडल्या-मिटल्याने वर्षानुवर्षे वाकतात आणि तुटतात. एकच दार साथ देत नसेल तर मोटर बदलण्याआधी तेथे पाहावे, असे सांगणारा दुकानदार आपला गल्ला थोडा कमी भरतो, परंतु ग्राहक कायमचा जोडतो.

गाडी घेणाऱ्यांनीही काही गोष्टी एकदा करून पाहाव्यात. रिमोटच्या कवचात दडलेली खरी किल्ली काढून तिने चालकाचे दार उघडून पाहावे. अनेकांना ती किल्ली असते हेच माहीत नसते, आणि बॅटरी उतरल्यावर तीच कामी येते. घरातील आजी-आजोबांना आणि समजत्या मुलांना आतून दार उघडण्याची रीत प्रत्यक्ष दाखवावी. रिमोटचा सेल क्षीण झाल्याची सूचना दिसताच बदलावा. एखादे दार उशिरा लागत असेल किंवा आतून घरघर येत असेल तर दुरुस्ती पुढे ढकलू नये. गाडी विकताना सर्व किल्ल्या सुपूर्द कराव्यात आणि जुनी गाडी विकत घेताना आधीच्या किल्ल्यांची नोंद गाडीतून काढून टाकण्यास सांगावे.

आपल्या परंपरेत यतना या शब्दाला मोठे स्थान आहे. चालणे, बसणे, वस्तू उचलणे वा ठेवणे, प्रत्येक क्रिया कोणत्याही जीवाला इजा होणार नाही अशा सावधपणे करावी, ही तिची शिकवण. ती स्थानकात ऐकायची आणि रस्त्यावर विसरायची नसते. गाडीचे दार लावणे हीसुद्धा एक क्रिया आहे. बटण दाबण्यापूर्वी आत कोणी राहिले नाही ना, एवढे पाहावे, आणि दाबल्यानंतर हँडल एकदा ओढून पाहावा. चार दारे एका बटणाने लागतात हे यंत्राचे कौशल्य आहे. ती केव्हा लावावीत याची जाण मात्र माणसालाच ठेवावी लागते.